खुर्चीमागचा सुविचार

सुविचाराची फ्रेम कुठे लावायची याचा नियम कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही, तरी तो महाराष्ट्रभर कसोशीनं पाळला जातो. फ्रेम साहेबांच्या खुर्चीच्या मागे लागते. साहेबांची तिच्याकडे पाठ असते आणि आपलं तोंड. चिकाटी, श्रद्धा, नेतृत्व असा जो काही मजकूर तिच्यात असेल, तो साहेबांनी फ्रेम टांगताना एकदा वाचला असेल तर असेल. पण टांगायला शिपाई असतो, म्हणजे तेही नाहीच. आपण मात्र समोरच्या खुर्चीत बसून तो पाठ होईपर्यंत वाचतो. 'धीर धरा' हे वाक्य अर्ज घेऊन आलेल्यासाठी असतं, अर्ज दाबून बसलेल्यासाठी नसतं, हे भिंतीवरच्या त्या जागेवरूनच ठरून गेलेलं असतं.

चित्रंही ठरलेली आहेत. चिकाटीमागे डोंगराच्या सुळक्यावर उभा असलेला एकटा माणूस, श्रद्धेमागे समई, आणि नेतृत्वामागे सिंह. सिंहाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो दिवसातले वीस-वीस तास लोळून काढतो आणि शिकारीचं बरंचसं काम सिंहिणी करतात, एवढं कळल्यापासून काही कार्यालयांत ते चित्र मला फारच चपखल वाटू लागलं आहे.

आमच्या पिढीची आणि सुविचाराची पहिली गाठ पडली ती शाळेतल्या फळ्यावर. वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर. त्याखाली दोन रेघांच्या मधोमध सुविचार, आणि शेजारी चौकट आखून 'पुसू नये'. सुविचार लिहिण्याचं काम वर्गातल्या सुंदर अक्षराच्या मुलीकडे असायचं. आचरण कुणाचं सुंदर आहे याची चौकशी त्यासाठी कुणी करत नसे, आणि कामवाटपाची ती पद्धत मुलं पुढे मोठी होऊन साहेब झाल्यावरही टिकली. 'पुसू नये'चा धाक एवढा, की 'आजचे काम उद्यावर ढकलू नका' हे वाक्य आमच्या फळ्यावर दिवाळीच्या सुट्टीआधी आलं ते नाताळापर्यंत होतं. ते बदलायचं काम रोज उद्यावर ढकललं जायचं.

चिकाटी म्हटलं की मराठी माणूस वाळू रगडायला घेतो. रगडत राहिलं की वाळूतूनही तेल गळतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दहावीच्या क्लासच्या फ्लेक्सवर ते असतं, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असतं आणि कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात तर असतंच. ही ओळ मुळात भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकाची. सतराव्या शतकात वामन पंडितांनी तो मराठीत आणला. श्लोकाच्या ओळी चार आहेत, आपण प्रचारात ठेवली ती पहिली. पुढच्या तीन वाचल्या की वेगळाच प्रकार निघतो. कवीचं म्हणणं असं, की एखादे वेळी वाळू रगडून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात भटकताना सशाचं शिंगसुद्धा सापडेल. पण मूर्खाचं मन वळवणं काही जमायचं नाही. म्हणजे हा श्लोक चिकाटीचा नाहीच. 'सोडा हो नाद' असं सांगणारा आहे, आणि नीतिशतकात तो मूर्खांच्याच प्रकरणात बसवलेला आहे. एका थोर कवीनं वैतागून काढलेला उद्गार आपण फ्लेक्सवर छापला आणि पोरांना वाळूला जुंपलं.

हे मी एका क्लासवाल्या सरांना नम्रपणे सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पहिली ओळ मला पुन्हा चालीवर म्हणून दाखवली. श्लोकाचा उरलेला भाग मला तेव्हा पूर्ण पटला.

नेतृत्वाच्या वचनांत कोंढाण्याला तोड नाही. मुलीच्या साखरपुड्यासाठी रजेचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला वरिष्ठ खुर्चीत रेलून सांगतात, "अहो, आधी लगीन कोंढाण्याचं!" बँकेत कोंढाणा मार्चअखेरीला येतो, कारखान्यात ऑडिटच्या वेळी, आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडे तो दर पंधरा दिवसांनी, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी. अर्जदार हिरमुसून परततो, कारण समोर साक्षात इतिहास उभा केलेला असतो आणि इतिहासापुढे कॅटरर्सला दिलेल्या ॲडव्हान्सचं काय सांगणार!

ती गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी तिच्यातली एक बाब साहेबांच्या नजरेतून कायम सुटते. ते वाक्य महाराजांनी तानाजीला ऐकवलेलं नाही. तानाजी रायबाच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आले होते, आणि मोहिमेचं कळल्यावर लग्न त्यांनी आपणहून पुढे ढकललं. ज्याच्या घरचं कार्य, त्यानंच तसं म्हणायचं असतं. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या लढाईनंतर गोष्टीत महाराजांच्या तोंडी जे वाक्य येतं ते निराळं आहे. गड आला, पण सिंह गेला. केवढा अवघड गड, पण त्याचा आनंद अर्ध्या वाक्यात आटोपतो आणि उरलेलं अर्धं गेलेल्या माणसासाठी असतं. रायबाचं लग्न पुढे महाराजांनी स्वतः लावून दिलं असंही सांगतात. खरं तर साहेबांच्या वाट्याचं वाक्य हे दुसरं. पण टार्गेट पुरं झाल्यावर, त्यापायी अंथरूण धरलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी हळहळल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आमच्याकडे गड आला की केक येतो.

त्याच लढाईतले दोर तर व्याख्यात्यांनी पार झिजवले आहेत. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर भरतं. नाश्त्याला इडली आणि उपमा असतो, गळ्यात ओळखपत्र असतं, आणि मंचावरचे कॉलर-माइकवाले गृहस्थ घाम पुसत सांगत असतात, "परतीचे दोर कापा! नोकरी सोडा, उडी घ्या!" समोरचा पंचेचाळिशीचा हेडक्लार्क वहीत 'दोर कापणे' असं लिहून घेतो आणि त्याखाली दोन रेघा मारतो. आता सूर्याजींनी दोर कापल्याची गोष्ट खरी, पण ते कापले तेव्हा सूर्याजी स्वतः गडावरच होते. खाली उभं राहून वरच्यांचे दोर त्यांनी कापले नव्हते. व्याख्यात्यांची परतीची शिवनेरी साडेसहाची असते, आणि तिकीट आयोजकांनी काढलेलं असतं.

मला यातून एक वहीम आला आणि तो हळूहळू पक्का होत गेला. ही वचनं खोटी नसतात. त्यांची तोंडं बदललेली असतात. सोसणाऱ्यानं स्वतःला सांगितलेलं वाक्य सोसायला लावणाऱ्याच्या तोंडी जातं, आणि मग त्याचा सुविचार होतो.

कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेचं हेच झालं. पुरात घर वाहून गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो. सरांचा हात खिशाकडे जातो आणि तो विद्यार्थी पैसे नको म्हणतो, त्याला पाठीवर हात हवा असतो. निरोपसमारंभात, स्नेहसंमेलनात ही कविता म्हटली की अजूनही लोकांचे गळे दाटतात, माझाही दाटतो. पण व्यवहारात ती म्हणतं कोण, तर ज्याच्याकडे उसने पैसे मागितले आहेत तो. "पैशाचं काय रे, पैसा येतो-जातो, तुझा कणा ताठ आहे ना!" असं म्हणून तो पाठीवर भरघोस थाप देतो. कवितेत सरांचा हात आधी खिशाकडे गेला होता, हे कडवं त्याला नेमकं आठवत नाही.

न्यायानं बोलायचं तर या सगळ्यात एक वचन मात्र योग्य तोंडी उरलं आहे. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले, कुतुबशहानं त्यांना छद्मीपणे विचारलं की पाटील, आणखी लढणार का, आणि दत्ताजींनी उत्तर दिलं, "बचेंगे तो और भी लड़ेंगे." हे वाक्य आज कोण म्हणतं? इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला दोन विषयांत केटी लागलेला पोरगा. होस्टेलच्या जिन्यात, निकाल मोबाइलवर बघून झाल्यावर, चहाचा ग्लास हातात धरून. त्याला ते कुणी ऐकवलेलं नसतं. पडलाय तो, आणि बोलतोयही तोच. मॅथ्स-थ्री नावाचा कुतुबशहा समोर उभा असतो. मी तर म्हणेन, दत्ताजींचा खरा वारस तोच. भिंतीवर फ्रेम लावणारे त्याचे प्राचार्य नव्हेत.

श्रद्धेकडे वळलं की शिर्डीला जावंच लागतं. 'श्रद्धा आणि सबुरी' हे दोन शब्द महाराष्ट्रात जितक्या ठिकाणी लिहिलेले आहेत तितके बहुधा 'येथे लघवी करू नये' हेही नसतील. रिक्षा, रसवंतीगृह, पतपेढी, एक्स-रे क्लिनिक, सगळीकडे ते आहेत. मी ते सर्वांत जवळून पाहिले ते एका बिल्डरच्या विक्री कार्यालयात. काचेचं टेबल होतं, टेबलावर काचेच्याच पेटीत आमच्या इमारतीची छोटी प्रतिकृती होती, तिच्यात कापसाची झाडं आणि हिरव्या स्पंजाची हिरवळ होती, आणि भिंतीवर सोनेरी अक्षरांत श्रद्धा आणि सबुरी. प्रतिकृतीतल्या गच्चीवर बोटभर उंचीचं एक जोडपं छत्रीखाली बसलेलं होतं. ताबा फक्त त्या दोघांना मिळाला होता.

"साहेब साइटवर गेलेत," असं तिथली मुलगी गोड आवाजात सांगायची. साइटवर जावं तर तिथला वॉचमन सांगायचा, "साहेब ऑफिसला असतील." श्रद्धेचं हेच तर लक्षण, परमेश्वर एका जागी सापडत नाही. मी परत येऊन त्या सोनेरी अक्षरांखाली बसायचो. शेजारी निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ बसायचे, ते दर वेळी येताना घरून डबा आणायचे. श्रद्धा आम्ही ठेवायची होती, सबुरीही आमचीच होती, आणि हप्ते तर निर्विवाद आमचे होते.

घरी आल्यावर रागानं साईसच्चरित्र उघडलं. दाभोलकरांनी लिहिलेल्या त्या पोथीत बाबा आपल्या गुरूची हकीकत सांगतात. गुरूनं शिष्याकडे दक्षिणा मागितली ती दोन पैशांची, एक पैसा निष्ठेचा आणि एक सबुरीचा. बस्स, तिसरं काही मागितलं नाही, आणि त्या बदल्यात शिष्याला अखंड सांभाळलं. म्हणजे मुळात हा फार स्वस्तातला करार होता. आमच्या बिल्डरनं ते दोन पैसे वरचे म्हणून ठेवून घेतले आणि मूळ रकमेत पार्किंगचे वेगळे लावले.

पण याहून मोठा दाखला उपनिषदात आहे. उठायला आणि जागं व्हायला सांगणारं जे वाक्य आपण विवेकानंदांच्या फोटोखाली वाचतो, जिममध्ये, व्यायामशाळेत, हल्ली प्रोटीन पावडरच्या डब्यावरसुद्धा, ते कठोपनिषदातलं. तिथे ते यमाच्या तोंडी आहे आणि समोर आहे नचिकेत नावाचा मुलगा. लगेच पुढे यम बजावतो की ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी आहे. तेवढा भाग डब्यावर मावत नसावा. पण मला त्यातली मोठी मौज वाटते ती आधीच्या प्रसंगाची. नचिकेत यमाच्या घरी पोचला तेव्हा यम बाहेरगावी गेला होता. (साइटवर.) पोरगं तीन रात्री दारात उपाशी बसून राहिलं. यम परतल्यावर खजील झाला. पाहुणा आपल्या दारात तीन रात्री अन्नावाचून राहिला म्हणून त्यानं आपणहून तीन वर दिले, एका रात्रीला एक.

चिकाटीचं एवढं मोठं उपनिषद सुरू होतं ते दिरंगाईच्या भरपाईनं! साक्षात मृत्यूला कळलं होतं की समोरच्यानं सबुरी दाखवली तर तिचे पैसे आपल्याकडून निघतात. आपल्याकडे त्यासाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा यावा लागला, ज्यात ताबा लांबला तर ग्राहकाला दर महिन्याच्या उशिराचं व्याज देण्याची तरतूद आहे. महारेरा २०१७ मध्ये सुरू झालं. डबा आणणाऱ्या त्या गृहस्थांनी तिथे तक्रार केली, आणि सुनावणीची तारीख लागल्यावर साहेब एकदम ऑफिसमध्ये सापडायला लागले.

सुविचारांचा असा धडाका चालू असताना म्हणी मात्र कुणी फ्रेम करत नाही, याचं कारण म्हणींकडे नुसती नजर टाकली तरी लक्षात येतं. नेतृत्वावर मराठी म्हणी काय म्हणतात ते पाहा. ज्याच्या हाती ससा तो पारधी. बळी तो कान पिळी. वासरांत लंगडी गाय शहाणी. बडा घर पोकळ वासा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. यांतली एक तरी खुर्चीमागे लावता येईल का? 'वासरांत लंगडी गाय शहाणी' ही तर मला कार्यकारी मंडळाच्या सामूहिक छायाचित्राखाली छापावीशी वाटते. दाते आणि कर्व्यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन जाडजूड भाग केले, त्याआधी मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्यानं मराठी म्हणी गोळा करून १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून इंग्रजी भाषांतरासह छापल्या. ही पुस्तकं चाळताना पुढाऱ्याचं मनापासून कौतुक करणारी म्हण शोधायला गेलो की सशाच्या शिंगाची आठवण होते. म्हणी जात्यावर, बांधावर, विहिरीच्या काठावर झाल्या. त्या खालून वर बघत बोलतात. सुविचार वरून खाली.

श्रद्धेचंही तेच. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असं म्हणणारा भाषेत भक्त ठरला नाही, आळशी ठरला. 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणताना खुद्द विठोबालाही त्याचा नंबर कळवलेला आहे. आणि एक म्हण म्हणाली की देव तारी त्याला कोण मारी, तर दुसरी दैव देतं आणि कर्म नेतं म्हणून मोकळी होते. आजीला दोन्ही येत असत. तिचा मूड आणि समोरचा नातू पाहून ती कोणती काढायची ते ठरवी.

सगळ्याच म्हणी अशा तयारीच्या आहेत असं नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही मला कायम संशयास्पद वाटली आहे. घाव तर पायरीच्या दगडालाही बसतात.

हल्ली पहाटे साडेपाचपासून फोनवर जे येतं त्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते सगळ्यांनाच येतं. वाफाळता कप, गुलाबाचं फूल आणि खाली व. पु. काळे. वपु २००१ मध्ये गेले, पण लेखन थांबलेलं नाही. रोज एक ताजं वाक्य येतं. पु. ल. त्यांच्या आदल्या वर्षी गेले, तेही हल्ली हयातीत लिहिलं नाही इतकं आणि तसं लिहीत आहेत. तुकारामांचं त्याहून सोपं, कुठल्याही दोन ओळींच्या शेवटी 'तुका म्हणे' चिकटवलं की झालं. त्यामानानं रामदासांना कुणी हात लावत नाही. दासबोधाचं दुसरं दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतं आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी संपतं. यादी तयार आहे, भाषा खणखणीत आहे, हक्कांचा प्रश्न नाही. तरी आजवर एकाही सुप्रभातीच्या गुलाबाखाली पढतमूर्ख लक्षण मला आलेलं नाही. पाठवणाऱ्याला पाठवायचं कुणाला, हा पेच पडत असावा.

चिकाटी, श्रद्धा आणि नेतृत्व ही तिन्ही एका जागी आणि तीही फ्रेमशिवाय पाहायची तर आषाढीच्या वारीत जावं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची पायपीट, पाऊस, चिखल, आणि लाखो माणसं. संध्याकाळी तळावर माउलींच्या पालखीची समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंचावतो आणि तो अख्खा समुदाय गप्प होतो. लाउडस्पीकरवरून 'शांतता राखा' असं ओरडणारं कुणी नाही, त्या एका काठीवर काम भागतं. मला चकित करतो तो पुढचा भाग. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, चालीच्या क्रमात कुणी घुसलं, तर तेवढी दिंडी टाळ थांबवत नाही. बाकी सगळीकडे शांतता, आणि एका कोपऱ्यात टाळ चालू. मग चोपदारच तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, आणि त्यानंतर ते टाळ थांबतात. गप्प बसवण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्यालाच चालत जाऊन न गप्प बसणाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त घालून दिली. त्यांच्या बैठकीच्या मागे काय टांगलेलं होतं याची नोंद कुठे नाही. बैठक तरी होती की नाही कोण जाणे, माणूस चालत होता.

आमच्या सोसायटीत दंड नाही, वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. ती सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतात. तिच्या नोटिशीत एक वाक्य असतं, जे मी आजवर वाचलेल्या सगळ्या सुविचारांहून जास्त मानतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. माणसाकडून किती अपेक्षा करावी आणि ती किती वेळ करावी, हे इतक्या शांतपणे कुणी सांगितलेलं नाही. दहाची सभा साडेदहाला भरते, हे ठाऊक असल्यानं सगळे साडेदहाला येतात, आणि साडेदहाला गणपूर्ती होऊन जाते.

यंदा चेअरमन नवे होते. नवे म्हणजे मागच्या सभेला जे गैरहजर राहिले होते ते. आमच्याकडे नेतृत्व असंच उदयाला येतं. पार्किंगमध्ये लाल खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर सतरंजी, बिसलेरीच्या बाटल्या आणि कुणाच्या तरी मुलीनं काढलेली रांगोळी. विषयपत्रिकेवर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय सातवा होता. तो गेल्या सभेतही सातवाच होता. चेअरमनसाहेब उठले, घसा साफ केला आणि बोलले, "मित्रहो, सोसायटी चालवणं हे चिकाटीचं काम आहे. आपल्या पूर्वजांनी म्हणूनच ठेवलंय, प्रयत्न केले तर वाळूतूनसुद्धा तेल..."

"वाळूचं राहू द्या हो," चौथ्या मजल्यावरच्या काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या. "स्लॅबमधून पाणी गळतंय, ते कुणी न रगडताच."

हशा पिकला. चेअरमननी शांततेची विनंती केली. सगळे शांत झाले, काकू सोडून. त्यांनी गळतीखाली ठेवलेल्या पातेल्यांचा हिशेब सुरू केला. कुठल्या खोलीत पितळी, कुठल्या खोलीत स्टीलचं, रात्री कुठलं जास्त वाजतं. सेक्रेटरी घड्याळाकडे बघू लागले, खजिनदार मोबाइलकडे. काकू थांबेनात. शेवटी चेअरमन टेबल सोडून उठले, खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या रांगेपर्यंत गेले आणि म्हणाले, "चला काकू, दाखवा." दोघं जिन्यानं वर गेले, कारण लिफ्ट बंद होती. तो विषय आठवा होता.

ती दोघं खाली येईपर्यंत बटाटेवडे आले आणि सभा आपोआप संपली. इतिवृत्त चार दिवसांनी नोटीस बोर्डावर लागलं. त्यात लिहिलं आहे की मा. चेअरमन यांनी उपस्थितांना मौलिक मार्गदर्शन केले व आयत्या वेळच्या विषयांवर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली. त्याखाली काकूंनी पेनानं आपला फ्लॅट नंबर आणि 'तीन कोटेशन्स रविवारपर्यंत' एवढं लिहून ठेवलं आहे, आणि शेजारी चौकट आखून 'पुसू नये'.